शेवटचा मुद्दा

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेव्हा फोन वाजला. गंगावहिनी होत्या. आवाज रडून बसलेला होता, पण त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, “भावजी, ह्ये गेले की हो…” आणि मी काही बोलायच्या आत, “नदी उतरलीय का तेवढं विचारा कुणाला तर. मातीला शेतातच न्यायचं हाय.” माझा बालमित्र, आमच्या भागाचा माजी आमदार मल्लिनाथ, शहरातल्या दवाखान्यात वारला होता, आणि त्याच्या बायकोला पहिली काळजी पडली होती ती पाण्याची. मी शटर तसंच सोडून पायरीवर बसलो. खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही. संताप आला. नदीचा, सरकारचा, आणि सगळ्यात जास्त मल्लूचाच.

त्याचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, अगदी कर्नाटकच्या सीमेला टेकलेलं. गावाच्या अलीकडे नदी आणि नदीवर पूल नाही, नुसती फरशी. म्हणजे नदीच्या पात्रातच टाकलेला सिमेंटचा सखल रस्ता. वरच्या धरणातून पाणी सोडलं की फरशी बुडते आणि गाव तिकडेच अडकतं. आठवीच्या पुढच्या शाळेसाठी पोरींना ही फरशी ओलांडावी लागते. पावसाळ्यात आधी आठवड्याची शाळा बुडते, मग महिन्याची, आणि मग आई-बाप म्हणतात, राहू दे आता. मल्लूच्या धाकट्या बहिणीची शाळा अशीच सुटली. लग्न लवकर झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. तेव्हा कॉलेजात असलेला मल्लू मला म्हणाला होता, “ह्यो पूल मी करणारच बे.” राजकारणात तो शिरला तो एवढ्यासाठीच, हे आज कुणाला सांगून पटायचं नाही.

दोनदा निवडून आला. बसायला जागा कायम शेवटच्या रांगेत, दाराजवळ. टीव्हीवर पुढचा कुणी वाकला तरच हा दिसायचा. मंत्रिपद सोडा, साध्या समितीचं अध्यक्षपदही कधी वाट्याला आलं नाही. पण बोलायचा किती विषयांवर! विड्या वळून वळून बायकांच्या अंगठ्यांच्या रेघा पुसल्या जातात, मग रेशन दुकानातलं यंत्र त्यांना ओळखत नाही, हे त्यानं सभागृहात सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतले काहीजण हसले होते म्हणे. यंत्रमागावरच्या कामगारांच्या छातीत जाणारी कापसाची धूळ, कन्नड शाळांना सहामाही उलटल्यावर मिळणारी पुस्तकं, माळढोकाच्या अभयारण्यात अडवली जाणारी मेंढरं, करमाळ्याच्या बाजार समितीत बायकांसाठी नसलेली मुतारी… ह्या शेवटच्या विषयावर तर तो इतक्यांदा उठला की त्याला त्यावरून टोपणनावच पडलं. चिडला नाही. मुतारी झाली. करमाळ्याच्या भाजीवाल्यांनी त्याला बोलावून नारळ फोडायला लावला, तेव्हा हा गडी लाजून अर्धा झाला होता.

त्याच्या या सगळ्या भाषणांची तालीम नवी पेठेतल्या माझ्या कापडाच्या दुकानात व्हायची. अधिवेशन जवळ आलं की सुट्टीच्या दुपारी मी मागच्या दारानं त्याला आत घ्यायचो. तो चप्पल काढून गादीवर उभा राहायचा, समोर कपाटभर तागे. “अध्यक्ष महोदय,” म्हणून सुरू करायचा आणि मला डोळा मारायचा, “शेटजी, तुझे तागे बरे. मधी बोलत न्हाईत.” शेवटच्या रांगेतल्या माणसाला बोलायला मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं, मग अध्यक्षांची घंटा होते. म्हणून मी देव्हाऱ्यातली पितळी घंटा हातात घेऊन, घड्याळाकडे बघत बसायचो. वेळ झाली की वाजवायची. आणि दरवेळी, अगदी दरवेळी, घंटा व्हायची तेव्हा हा म्हणत असायचा, “आणि शेवटचा मुद्दा, माझ्या गावच्या नदीवरचा…”

पूल तिथंच राहायचा. मी कपाळाला हात लावायचो. म्हणायचो, “अरे, पूल आधी घे की! मुतारी, मेंढरं, पुस्तकं मागनं घे. कापली गेली तर ती जाऊ देत.” तर तो तागे न्याहाळत म्हणायचा, “आपल्यात पंगत बसती तवा वाढणारा आधी बसतंय का बे? समदी जेवली की मग त्यानं बसायचं. घरचं मागणं शेवटीच असतंय.” लहानपणापासून त्यानं मठात दासोहाच्या, म्हणजे अन्नदानाच्या, पंगतीत वाढप केलं होतं. सगळे उठल्यावर, भांड्याला जे लागलेलं असेल त्यात जेवायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. मी म्हणायचो, ते मुंबईचं सभागृह आहे, तुझ्या स्वामींचा मठ नव्हे. तिथं आधी ओरबाडणारा जेवतो. तो नुसता हसायचा. या हसण्यावर मी आयुष्यभर चिडत आलो.

एकदा त्याच्यासोबत मुंबईला गेलो आणि प्रेक्षक सज्जात बसलो. पुढचे लोक घंटा झाली तरी बोलतच होते. दोनदा झाली, तीनदा झाली, तरी हात वर करून बोलतच होते. मल्लूची पाळी आली. आवाज चांगला लागला होता. “शेवटचा मुद्दा, अध्यक्ष महोदय, माझ्या गावच्या…” घंटा. पहिलीच. आणि हा हात जोडून खाली बसला! मी सज्जात असा उसळलो की शिपायानं खुणेनं मला गप्प केलं. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर ओरडलो, “अर्धं वाक्य राहिलं होतं! बोलायचं की!” तर म्हणतो, “घंटा झाली की बे.” जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलत होतो.

तिसऱ्या निवडणुकीत तो पडला, आणि त्याच्याच गावानं त्याला पाडलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तोंडावर सांगितलं, “करमाळ्याला दिलास, सोलापूरला दिलास, आमाला काय दिलास रं?” तेव्हापासून तो खचला तो खचलाच. दुकानात येऊन बसायचा, चहा निवायचा, रस्त्यावरच्या रिक्षा बघत राहायचा. मग दम लागायला लागला. दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली तेव्हा नाकाला नळी होती, पावसाळा होता. खिडकीकडे बघत त्यानं विचारलं, “फरशी बुडाली असंल न्हाय?” मी म्हणालो, असेल. मग माझं मनगट धरून म्हणाला, “तू सांगत होतास… पूल आधी घ्यायला पायजे हुता.” इतकी वर्षं मी ज्या भांडणात जिंकायला बघत होतो ते मी असं जिंकलो. हे जिंकणं मला नको होतं. मी काहीतरी थातूरमातूर बोललो, बरा हो, आपण पुन्हा मागू वगैरे. पुन्हा कुठलं आलंय.

तो गेला त्या दिवशी फरशीवर पाणी होतंच. ज्यांच्या अंगठ्यांसाठी तो बोलला होता त्या विडीवाल्या बाया टेम्पो करून अलीकडच्या काठापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. काठावर सरकारी पाटी आहे, ‘पाणी वाहत असताना फरशी ओलांडू नये.’ बायांनी आणलेले हार त्या पाटीला घातले आणि परत गेल्या. आम्ही त्याला लांबच्या रस्त्यानं, कर्नाटकात शिरून, पलीकडून उलटा नेला. तिथल्या नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली. “यल्लिगी होंटीरी?” कुठं निघालात? गंगावहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मनीगी.” घरी. महाराष्ट्राचा माजी आमदार दुसऱ्या राज्यातून वळसा घालून स्वतःच्या घरी चालला होता. पोलिसानं हात जोडले. मला मात्र कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि गाडीत धरण्याजोगं कुणी नव्हतं.

त्यांच्या समाजात माणसाला बसवून पुरतात. शेतात खड्डा तयार होता. कपाळाला विभूती, मांडी घातलेली, मान किंचित खाली. स्वामींनी मंत्र म्हणत घंटा वाजवली. जन्मभर पहिल्या घंटेला हा माणूस खाली बसत आला, आणि आता तर कायमचाच बसला. मी त्या खड्ड्याशी हुंदके देऊन रडलो. शेजारी उभी असलेली त्याची चुलती म्हणाली, “आता कोण मागणार हाय बाबा?” खरंच, कोण मागणार आहे? नवे आमदार गावात फिरकत नाहीत. पोरी घरीच आहेत.

पुढं अधिवेशन सुरू झालं तेव्हा शोकप्रस्ताव मी दुकानात फोनवर पाहिला. ‘अभ्यासू सदस्य’, ‘विविध प्रश्नांवर मोलाचं योगदान’, ‘सभागृहाची शिस्त पाळणारे’. विविध प्रश्नांत पूल नव्हता. असणार कसा? त्यांच्या कानावर तो पोचलाच नाही. सगळे स्तब्ध उभे राहिले आणि बसले. पुढचं कामकाज सुरू झालं.

संध्याकाळी दुकानात दिवा लावताना मी आता घंटा वाजवत नाही. आधी घरच्यांना वाटलं, सुतक पाळतोय. पण ते फिटूनही बरेच आठवडे झाले. घंटा देव्हाऱ्यात आहे, घासूनपुसून ठेवलेली. गादीवर त्याची उभं राहायची जागा मोकळी आहे, समोर तागे गप्प आहेत. परवा गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या सुनेनं निरांजन ओवाळून झाल्यावर सवयीनं घंटेला हात घातला. मी तिचा हात धरला. ती घाबरून म्हणाली, “मामा, काय झालं?”

“थांब जरा,” मी म्हणालो. “त्याचं एक वाक्य राहिलंय.”