चंदनाच्या हारातला माणूस

बेलवलीच्या महेंद्र रोकडेने आजवर हवालदार, कंपाउंडर, नवरीचा मामा, कोर्टातला शिपाई अशी बरीच माणसं केली होती. दिवसा अंबरनाथ एमआयडीसीतली पाळी, संध्याकाळी कामगार नाट्यस्पर्धेची तालीम, आणि रजा टाकून शूटिंग. सिनेमात त्याला दोनदा दार उघडायला मिळालं होतं. नाव झालं ते २००४ साली, मेल्यावर.

एका मालिकेत नायिकेचे दिवंगत वडील हवे होते. म्हणजे त्यांचा फोटो. महेंद्रने चेहऱ्यावर जमेल तेवढा चांगुलपणा आणून फोटो काढून दिला. तो चंदनाचा हार घालून भिंतीवर टांगला गेला आणि नायिका रोज त्याच्यापुढे रडू लागली.

"एवढा सलग रोल तुला जिवंतपणी मिळाला नव्हता," कारखान्यात त्याच्या खात्यातला नरेंद्र म्हणाला. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले विचारायचे, "काय बाबा, खाली कधी उतरलात?" इथवर महेंद्रला मजाच वाटत होती.

त्याची आई जनाबाई ऐंशीच्या घरातली, हल्ली विसरायला लागलेली. एके दिवशी मालिका बघता बघता तिने डोळ्यांना पदर लावला.

"कांता," ती सुनेला म्हणाली, "माझा महेंद्र गेला, आन् मला कुणी सांगितलं नाही."

महेंद्र शेजारीच चहा पीत होता. "आई, अगं मी हा काय, इथे बसलोय."

तिने त्याला नीट न्याहाळलं. "हो भाऊ. तुम्ही तरी आलात."

तेव्हापासून तो स्वतःच्या घरात पाहुणा झाला. जनाबाई कांताला त्याला आग्रहाने वाढायला लावायची, त्याचा कामधंदा विचारायची. नाटकात असतो म्हटल्यावर म्हणाली, "आमचाबी होता. एकदा हवालदार झालेला. मला वाटलं, नोकरी लागली." मग आवाज खाली आणून, "गेल्यामागचं पुण्यानुमोदन राहिलंय त्याचं. भंतेजींना कुणी सांगतच नाही."

टीव्ही बंद ठेवला, तर ती काळ्या पडद्याला हात जोडून बसायची. महेंद्रने फोटो उतरवायची विनंती केली, तेव्हा निर्मात्याने सांगितलं की सगळी गोष्ट त्या खिळ्यावरच लटकलेली आहे.

पण वर्षभराने लेखकाला फ्लॅशबॅक सुचला. वडील जिवंत दिसणार होते, बोलणार होते. पोटच्या पोरापेक्षा आईचा टीव्हीवर विश्वास जास्त. तिथे आपण चालता-बोलताना दिसलो की ती ओळखेल, असा महेंद्रचा हिशेब होता. दोन पानी संवादाची त्याने महिनाभर तालीम केली. दिग्दर्शकाच्या हातापाया पडून एक वाक्यही घुसवलं.

भाग लागला त्या संध्याकाळी तो शूटिंगचाच सदरा मागून आणून, घालून, टीव्हीला खेटून बसला. पडद्यावरचा महेंद्र हसला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मी कुठेही गेलेलो नाही."

जनाबाई पुढे सरकली. पडद्याकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. तिचा चेहरा उजळला. कांताने टीव्हीचा आवाज वाढवला.

"बघा भाऊ," जनाबाई महेंद्रला म्हणाली, "जिवंत होता तेव्हा असा बोलायचा."

कांता उठून आत गेली. पडद्यावर पुन्हा फोटो आला, हारासकट. जनाबाईने हात जोडले आणि पाहुण्याकडे बघितलं. त्यानेही जोडावेत, अशी तिची अपेक्षा दिसली.

महेंद्रने हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि हात जोडले.

"पुण्यानुमोदन येत्या रविवारी ठेवू," तो म्हणाला. "भंतेजींना मी सांगतो."

"तुम्ही याल ना?"

"येईन."