नंदीचं गवत

आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवाशी अबोला धरला होता. आज हे मी हसत सांगते, पण त्या दिवसांत घरात कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. लग्न होऊन उदगीरजवळच्या या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, आले तेव्हापासून आत्यांची पूजा चुकलेली मी पाहिली नव्हती. अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायचं आणि मग शेजारणीशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत बसायचं. म्हशीनं दूध चोरलं इथपासून सूनबाईनं भाकरी करपवली इथपर्यंत सगळी चुगली त्याच्या कानावर जायची. मला त्याचा रागही यायचा. आणि आता त्याच आत्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. पूजेचं तबक पुढे केलं की म्हणायच्या, "नगं बाई. त्याला माझ्या हातची पूजा नगं हाय."

झालं होतं ते असं. आमच्या घराच्या वर महादेवाचा डोंगर आहे, माथ्यावर त्याचं देऊळ. त्या डोंगराचं गवत नंदीचं. त्याला कुणी विळा लावत नाही, की त्यात जनावर सोडत नाही. आमचं घर सगळ्यांत जवळ, म्हणून राखण आमच्याकडे, आणि घरात ती आत्यांकडे. कुणाची शेळी चुकून वर चढली तरी आत्यांचा आवाज खालच्या सडकेपर्यंत जायचा. त्या वर्षी पाऊस रुसला. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि गावातली माणसं त्यावर फार आशा लावून होती. आत्या म्हणायच्या, "जिल्हा नवा झाला, पण हिरीचा तळ जुनाच हाय की!" अशात एका दुपारी कर्नाटकाकडून एक धनगरीण मेंढरं घेऊन आली. "अव्वा, नीरू," म्हणाली. आत्यांचं माहेर बिदरकडचं, त्यांना पाणी मागितलेलं कळलं. त्यांनी तांब्या दिला. तिनं घोटभर पिऊन उरलेलं एका कोकराच्या तोंडाला लावलं. गवताचं तिनं नावही काढलं नाही. मेंढरांच्या बरगड्या मात्र मोजता आल्या असत्या.

आत्या कितीतरी वेळ डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सोड वर. नंदीचं गवत हाय, मेंढरं काय त्याला परकी हायत का?"

मी तर ऐकतच राहिले. आमच्या घरापासून वर देवळाच्या निम्म्या वाटेपर्यंतचा उतार त्या कळपानं चरून साफ केला. रात्री मेंढरं तिथंच बसायची. जमीन उघडी पडली, वर लेंड्यांचा थर, आणि एके सकाळी धनगरीण आत्यांच्या पाया पडून पुढच्या वाटेला लागली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढच्याच आठवड्यात आत्या विहिरीच्या काठावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मग काय, गावाला बोलायला विषय मिळाला. देवाच्या तोंडचा घास काढला, देवानं पाय काढून घेतला. आमच्या घरातूनही, हे, म्हणजे माझे मालक, रागाच्या भरात म्हणाले, "आई, जन्मभर राखलंस आन् शेवटी तूच चारलंस!" पायाचं दुखणं त्यांनी दात आवळून सोसलं असतं, पण आपला महादेव आपल्यावर उलटला, हे त्यांना सोसवेना. त्यांनी अन्न कमी केलं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. भुकेल्याला दिलं म्हणून जो पाय मोडतो, त्याला हात कसे जोडायचे, हेच मला कळेनासं झालं होतं.

त्या फाल्गुनात डोंगर एकामागून एक पेटत होते. संध्याकाळी ओट्यावर बसलं की लांबवर लाल रेघ दिसायची. आज या गावाचं गवत गेलं, उद्या त्या वाडीच्या गंजी गेल्या, असंच ऐकू येई. आमची कडब्याची गंजी घराला लागूनच होती. दुष्काळात तोच जनावरांचा जीव.

त्या दिवशी गावातले पुरुष टँकर मागायला लातूरच्या नव्या कचेरीत गेले होते. हेही त्यात होते. मी ज्वारी पाखडत बसले होते, तोच धुराचा वास आला. बाहेर येऊन बघते तर देवळामागून धूर उसळत होता, आणि बघता बघता आग माथा ओलांडून अलीकडे उतरली. पुरुषभर उंचीचं वाळलेलं गवत, वर वारा आमच्याच दिशेनं. मी बैल, म्हैस सोडून दिली. खालच्या बौद्ध वस्तीतली कौसाबाई कडुलिंबाच्या फांद्या घेऊन चार बायकांसह धावत आली. माझी लहान मुलगी तिनं त्यातल्या एका बाईकडे देऊन खाली पाठवली आणि म्हणाली, "म्हातारीला उचला आधी!"

आम्ही बाज उचलली, तर आत्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "ही आग माझ्यासाठी आलीय. मला नेऊ नगा. सूनबाई, तू जा. पोर लहान हाय तुझी." किती विनवलं, ओरडले, रडले. त्या दुखऱ्या म्हातारीच्या बोटांत तेवढं बळ कुठून आलं कोण जाणे. ओढलं तर हाड पुन्हा निसटणार. शेवटी बायका फांद्या घेऊन वर धावल्या. मी घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी गोणपाटांवर ओतलं आणि ती गंजीवर टाकली. रांजण उपडा केला, पिण्याची घागरही रिती केली. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. आत येऊन आत्यांच्या उशाशी बसले आणि त्यांचा हात धरला. आत्यांना सोडून जायला पाय निघत नव्हता. आगीचा आवाज घरात येत होता, वाळले दाणे कढईत फुटावेत तसा. मी देवाकडे काही मागितलं नाही. मागावं असा भरवसाच नव्हता. एवढंच मनात आलं, आता माझ्याच्यानं काही होत नाही, तू बघ.

तो आवाज कधी कमी झाला ते मला कळलं नाही. कौसाबाईची हाक आली, "अगं बाहीर ये, थांबली! आग थांबली!"

बाहेर जाऊन पाहिलं. देवळापासून निम्म्या वाटेपर्यंत डोंगर काळा झाला होता. आणि जिथून मेंढरांनी चरलेला उतार सुरू होत होता, तिथं आग मुक्यानं बसली होती. पुढे खायला तिला काडी नव्हती. उडालेल्या ठिणग्या उघड्या जमिनीवर पडत होत्या आणि बायका त्या फांद्यांनी झोडपत होत्या. गंजीवरचं गोणपाट दोन जागी करपलं होतं, तेवढंच.

आम्ही आत्यांची बाज अंगणात आणली. या वेळी त्यांनी चौकट धरली नाही. त्या वर बघत राहिल्या. कौसाबाई म्हणाली, "तुमची मेंढरं चरली तिथवरच बघा, आजी." आत्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि मीही त्यांच्या गळ्यात पडून रडले.

जरा वेळानं म्हणाल्या, "पाणी आण गं. अंघोळीचं ऱ्हाऊ दे, तांब्याभर आण."

"आत्या, थेंब न्हाई घरात. सगळं गंजीवर ओतलं."

त्यावर त्या चक्क हसल्या. वरून गवताची राख उडून येत होती, त्यांच्या गोधडीवर, केसांवर बसत होती. त्यांनी ती तीन बोटांनी टिपली आणि कपाळाला लावली. मग गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, त्यालाही तीच राख लावली, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलल्या. "लई दिस झालं रे. मीच येडी, तू रागावलास म्हणून बसले. आन् तू तर माझ्या आधी हितं येऊन बसला व्हतास."

संध्याकाळी हे परत आले, टँकरचं आश्वासन घेऊन. काळा डोंगर आणि उभं घर बघून आईच्या पायाशी बसले. आत्या म्हणाल्या, "आश्वासनानं आग इझती का रे?" आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

कुणी म्हणतं, वारा पडला असेल. असेलही. मी वाद घालत नाही. आत्या पुढे काठीनं चालू लागल्या आणि पुष्कळ वर्षं जगल्या. शिवरात्र झाली की तो खालचा उतार आम्ही येईल त्या कळपाला मोकळा करतो. गावही आता काही बोलत नाही. दर वर्षी एखादी धनगरीण येते, पाणी मागते, आणि तांब्या देताना मी तिचं नाव विचारून घेते. मग पूजेला बसले की ते नाव त्याच्या कानावर घालते, आणि म्हशीनं दूध चोरल्याचंही सांगते.