मागच्या पानावर मी खोटं लिहिलं

या वहीच्या मागच्या पानावर माझाच अनुभव आहे. अक्षर वळणदार, खाली सही ठसठशीत. माझी घाबरण्याची व्याधी एका पारायणाने गेली आणि डॉक्टरांच्या गोळ्या महाराजांनी माझ्या हातून सोडवल्या, असं तिथे लिहिलं आहे. ते खोटं आहे. मला ते पान फाडायचं होतं, पण प्रताप नगरच्या आमच्या उपासना मंडळाची ही वही सांभाळणारे काकाजी म्हणाले, "देवासमोर लिहिलेलं फाडत नाई बापू. पुढच्या पानावर खरं काय ते लिहा." म्हणून लिहितो आहे. लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी माल तपासण्याचं काम करतो. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या बसमध्ये बसलं की छाती आवळायला लागली. हात गार पडायचे, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं आणि मी मधेच कुठेतरी उतरून जायचो. दोनदा ईसीजी काढला, दोनदा चांगला निघाला. माणसाला आनंद व्हावा; मला मात्र वाटायचं, एखादा मोठा आजार निघाला असता तर निदान चारचौघांत सांगता तरी आला असता. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो, तेही लांब इतवारीच्या बाजारात, कारण तिथल्या गर्दीत प्रताप नगरचं कुत्रंही मला ओळखणार नव्हतं. डॉक्टरांनी नीट समजावलं. हा भित्रेपणा नव्हे, संकट नसताना शरीर संकट आल्यासारखं वागतं आहे. गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते, आणि आपल्या मनाने ती कधी बंद करायची नाही. तसंच झालं. पहिले आठ दिवस तोंड कोरडं, मळमळ, जीव आणखी घाबरा. महिन्याभराने मी त्याच बसमध्ये चक्क पेंगलो. त्या महिन्यात मी पारायणही करत होतो, पोथी समोरच्या खोलीत उघडपणे वाचत होतो. गोळी मात्र न्हाणीघरात नळ सोडून घ्यायचो, बायकोलाही कळू नये म्हणून.

गुरुवारी आरतीनंतर कुणीतरी आपला अनुभव सांगायचा, ही आमची रीत. एका गुरुवारी कुणी म्हणालं, तुमचा चेहरा किती शांत झाला हो. एवढं पुरे झालं. पारायणाच्या सातव्या दिवशी सगळ्या गोळ्या नाल्यात फेकल्या, असं मी ठोकून दिलं. पाकीट तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. बायका डोळे पुसू लागल्या, दोघे-तिघे पाया पडले, आणि मला ते आवडलं. तेच सगळ्यात वाईट. पुढच्या रांगेत आमच्या मंडळातल्या मंदाताई बसल्या होत्या, पापणीही न हलवता ऐकत होत्या. मी समजलो, आपलं बोलणं रंगलं. त्याच रात्री तेच या वहीत लिहून खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी मी इतवारीतल्या औषधाच्या दुकानात उभा होतो. शेजारी मंदाताईंचे यजमान वसंतराव. मूळचे उमरेडचे, पूर्वी घरी हातमाग होता. आता ते इतवारीतच साड्यांच्या दुकानात कामाला आहेत. न फोडलेली गोळ्यांची पाकिटं परत घेता का, असं ते दुकानदाराला विचारत होते. मला पाहताच भर गर्दीत वाकले. "तुमच्या शब्दानं सुटली तिची गोळी," म्हणाले. मग आवाज खाली करून सांगू लागले, की एकदम सोडल्यापासून तिला कापरं भरतं, तीन रात्री डोळा नाही, हातात कप राहत नाही, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. "जुनं सारं बाहेर पडून राहिलं असन, नाई का भाऊ? तुमालेबी असंच झालं होतं ना?" तेवढ्यात दुकानदाराने माझं नाव घेऊन माझं पाकीट पुढे ठेवलं. वसंतरावांच्या हातात होती तीच गोळी. ते पाकिटाकडे पाहत राहिले. मी म्हणालो, सासूबाईंसाठी नेतो आहे. आणि निघालो.

गल्लीच्या तोंडाशी स्टीलच्या डब्यांनी लादलेली हातगाडी अडकली होती, तिच्यापुढे टेम्पो. मी अंग चोरून घुसायला लागलो. गाडीवाला चाकाला खांदा लावून होता, त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "काका, इकडून नाई जमत. मांगं जा," म्हणाला. इतवारीत असं रोज घडतं, मी चमत्कार म्हणत नाही. पण वर्षभर पोथीपुढे बसून मी मार्ग दाखवा म्हणत होतो, आणि मागे फक्त ते दुकान होतं. मी परत गेलो. वसंतराव तिथेच उभे होते. "गोळी माझीच आहे," मी म्हणालो. "मी ती कधीच सोडली नव्हती." ते रागावले नाहीत. परत करायला आणलेली पाकिटं त्यांनी पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "हे तिले तुमीच सांगा."

मंदाताईंच्या डॉक्टरांना आम्ही तिथूनच फोन लावला. ही गोळी अशी एकदम तोडली की शरीर हादरतं, पुन्हा कशी सुरू करायची ते तपासून सांगतो, आत्ताच घेऊन या, असं ते म्हणाले. घरी मंदाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर मुठीत घट्ट. मी सगळं सांगितलं.

"मले वाटलं माहीच भक्ती कच्ची आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं सुटलं अन् माहं नाई सुटत. तीन दिवस मी देवाचीच माफी मागून राहिली."

मी रिक्षा बोलावली आणि दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

गोळी पुन्हा सुरू झाली आणि त्यांचं कापरं हळूहळू थांबलं. पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर उभा राहून हेच सांगितलं. त्या दिवशी कुणी पाया पडलं नाही. पोथीने मला काही दिलं नाही, असं मी म्हणत नाही. बसमध्ये पाय ठेवण्याचं बळ तिचं किती आणि गोळीचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही, आणि आता काढायचंही नाही. शरण जायचं म्हणून गोळी टाका, असं मी लोकांना सांगितलं. स्वतःचा मोठेपणा मात्र मुठीत धरून बसलो. तो महाराजांनी एका गाडीवाल्याकरवी सोडवला. त्या गाडीवाल्याचा चेहराही मला आठवत नाही. त्याला इथूनच नमस्कार.

मंदाताईंनी मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. परवा गुरुवारी दाराशी चपला काढताना, सगळी मंडळी आत बसलेली असताना, त्यांनी मोठ्याने विचारलं, "भाऊ, घेतली का आज गोळी?"

"घेतली," मी म्हणालो, पार देवाजवळ बसलेल्यांना ऐकू जाईल असं.