एका हाताने नमस्कार होत नाही

विमानतळावर लेकीने पहिला प्रश्न विचारला, "आई, विमानात घाबरलीस का गं?" मी म्हटलं, विमानाला काय घाबरायचं? दारं बंद. तुझा बाप कुठे जाणार होता उतरून? माझी भीती विमानातून उतरल्यावर सुरू झाली.

मालागा म्हणजे स्पेनमधलं समुद्राकाठचं शहर. लेक तिथे नोकरीला. बाराही महिने कडकडीत ऊन, आणि त्या उन्हासाठी लोक लांबलांबून पैसे खर्चून येतात. आमच्या पेणला ऊन फुकट आहे, पण तिथे कुणी खास येत नाही. आम्ही काही ऊन खायला गेलो नव्हतो. "बाबा आहेत तसे आहेत, तोवर या," लेक फोनवर म्हणाली होती. 'आहेत तसे' म्हणजे कसे, हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं.

हे विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग चालू ठेवलेला गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराची वाट. ह्यांची सगळी नोकरी धरमतरच्या खाडीतल्या जेटीवर गेली, बार्जमधून, म्हणजे सपाट मालबोटींतून, माल उतरवून घेण्यात. भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ. असा माणूस एका सकाळी दूध आणायला म्हणून गेला आणि दुपारी जिते स्टेशनच्या बाकावर सापडला. तिथल्या एका भाजीवालीने ओळखलं, रिक्षात घातलं आणि दारात आणून सोडलं. वर मलाच झापलं, "घरात बाईमाणूस असून नवऱ्यावर ध्यान नाय काय गो?" मी ऐकून घेतलं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे.

डॉक्टर म्हणाले, एकटं सोडायचं नाही, बाहेर पडलात की हात धरायचा. तेव्हापासून मी हात धरते. लग्न झाल्यापासून रस्त्यात कधी धरला नव्हता. माझ्या माहेरी, निडीला, कुणी पाहिलं असतं तर भावजयांनी पदर तोंडाला लावला असता. म्हातारपणी धरला, तो हा असा.

पण जित्याला ती भाजीवाली तरी होती. पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही गेले असते तरी कुणीतरी "अरे, हे तर आपल्या जेटीवरचे" म्हणालं असतंच. इथे कोण म्हणणार? भाषा येत नाही, गल्ल्या सगळ्या सारख्या, आणि ह्यांना तर आपण कुठल्या देशात आहोत तेच दिवसातून अर्धा वेळ आठवायचं नाही. हे इथे हरवले तर सापडायचे नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. रात्री मी माझ्या पदराचं टोक ह्यांच्या मनगटाला बांधून झोपायची. लेकीला सांगितलं नाही, ती रडली असती.

लेकीने आपलं नाव आणि फोन नंबर लिहिलेलं एक कार्ड बापाच्या खिशात घातलं होतं. फिरायला निघायच्या दिवशी ह्यांनी ते काढून टेबलावर आपटलं. "मी काय बालवाडीतला पोर हाय?" आवाज अगदी जेटीवरचा. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे, मी हात सोडणार नाही.

आधी गेलो जुन्या रोमन लोकांच्या नाटकघराकडे. उघड्यावर दगडी पायऱ्या, अर्ध्या गोलात. लेक सांगत होती की हे कित्येक शतकं जमिनीखाली गाडलेलं होतं आणि लोकांनी वर इमारत बांधली तरी कुणाला पत्ता नव्हता. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. एवढं दगडाचं नाटकघर जर लोक विसरतात, तर आमच्या एका माणसाचं काय? पण हे मजेत होते. पायऱ्यांकडे बघून म्हणाले, "बसायला उशी पायजे, नायतर नाटक संपेस्तवर कंबर जायची." लेक हसली. मीही हसले, पण हात धरूनच.

त्याच्या पाठीमागे डोंगरावर किल्ला. आफ्रिकेतून आलेल्या मूर मुसलमानांनी बांधलेला, भिंतीत भिंत, दारात दार. प्रत्येक दाराशी वाट वळते, म्हणजे शत्रूला पुढचं दिसू नये. बांधणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण माझा जीव टांगणीला. प्रत्येक वळणावर वाटायचं, इथे हात सुटला तर हा माणूस कुठल्या दाराने जाईल? आत सुंदर बागा, पाटातून वाहणारं पाणी, संत्र्याची झाडं. लेक म्हणाली, आई, फोटो काढू, जरा हास की. त्या फोटोत मी हसलेय. माझी बोटं बघितलीत तर कळेल, ह्यांच्या हातावर पांढरे वळ उठलेत.

"अगो, जरा ढिला सोड. रक्त थांबलं," हे म्हणाले.

"थांबू दे," मी म्हटलं.

वरच्या तटावरून बंदर दिसलं. निळंशार पाणी आणि त्यात जहाजं. हे तटावर हात टेकून बघत राहिले. मग म्हणाले, "भरती चढली काय? बार्ज लागली असंल. मला जायला पायजे." लेक समजावायला लागली, बाबा, हे स्पेन आहे, इथे भरती कळण्याइतकी येतच नाही. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. समजावून काय होतं? मी म्हटलं, आज सुट्टी आहे तुम्हाला. "व्हय?" म्हणाले, आणि माझ्याबरोबर खाली उतरले.

दुपारी मोठ्या चर्चमध्ये गेलो. त्या चर्चला दोन मनोरे व्हायचे होते, त्यातला एकच पुरा झाला, दुसरा अर्ध्यावरच राहिला. हे मान वर करून म्हणाले, "कंत्राटदार पळाला वाटतं." अशा वेळी मला वाटायचं, कुठे काय झालंय ह्यांना, डॉक्टरच खुळा.

दाराशी मी चपला काढल्या. लेक म्हणाली, आई, इथे काढत नाहीत गं. मी म्हटलं, देव कुणाचाही असो, पायताण घालून मी आत जायची नाही. पायरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवल्या. हे लगेच तिथेच उभे राहिले. "तुम्ही जाऊन या. मी थांबतो चपलांपाशी."

हे आमच्याकडचं नेहमीचं. ह्यांचं देवावर फारसं ध्यान कधीच नव्हतं. कुठल्याही देवळात गेलो की सगळं खटलं आत आणि हे बाहेर, आमच्या चपला राखत. उन्हात तापायला लागल्या की सावलीत सरकवायचे, मी बाहेर आले की जोड सरळ करून पुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "झालं दर्शन? काय मागितलंस गो?" मी सांगायची नाही. पण आता कसलं थांबू देतेय? हाताला धरून आत नेलं. चपलांना इथे कोण विचारतंय, मी म्हटलं.

आत गार अंधार, आणि खांब एवढे उंच की मान दुखावी. लेक तिकिटाबरोबर मिळालेलं माहिती ऐकायचं यंत्र कानाला लावून पुढे गेली. एका कोपऱ्यात त्यांच्या देवाच्या आईची मूर्ती होती, कडेवर बाळ. समोर पुष्कळ दिवे तेवत होते. मला भरून आलं. माझ्या भाषेतलं तिथे कुणी नव्हतं, पण ही आई आहे, हिला कळेल, असं वाटलं. आणि एका हाताने नमस्कार होत नाही. मी ह्यांचा हात सोडला, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. मागितलं एवढंच, की ह्यांना माझ्यापासून हरवू नको.

डोळे उघडले तेव्हा शेजारी कुणी नव्हतं.

आधी वाटलं, खांबामागे असतील. खांबामागे नव्हते. बाकांवर नव्हते. लेकीला गाठलं, तिचं तोंड पांढरं पडलं. ती एका बाजूला धावली, मी दुसऱ्या. चर्चमध्ये मोठ्याने हाक मारू नये, पण मी मारली, "अहो." एवढीच हाक, आयुष्यभर तीच मारत आले. माणसं वळून बघायला लागली. त्यांच्यातलं कुणी 'अहो' नव्हतं. समोर उघडं दार दिसलं, मी त्यातून बाहेर पडले. ते बाहेर जायचं दार होतं, आलो त्याच्या भलत्याच बाजूला. परत आत जायला लागले तर तिथला माणूस हाताने नाही-नाही करत होता. पर्स लेकीकडे, फोन पर्समध्ये.

मी त्या माणसाला खुणांनी सांगायला गेले. उंची हाताने दाखवली, चष्मा दाखवला, मिशी दाखवली. तो बिचारा भला होता, पण त्याला वाटलं मला ऊन लागलंय. पाण्याची बाटली पुढे केली. मी मराठीतच ओरडले त्याच्यावर, पाणी काय करू, माझा माणूस गेला. तोंडाला कोरड पडली होती आणि बाटली हातात होती, तरी प्यायचं सुचलं नाही.

मग मला तटावरचं बोलणं आठवलं. बार्ज लागली असेल. मी बंदराकडे धावले. धावले म्हणजे काय, या वयात पाचवारी साडीत जमेल तसं, निऱ्या मुठीत धरून. गाड्यांचा मोठा रस्ता मध्ये, कुठून गाडी येईल ते आपल्या उलटं, दोनदा कुणीतरी हॉर्न वाजवला. धक्क्यावर पोचले आणि वाकून पाण्यात बघितलं. मी बार्जवाल्याची बायको, पाण्यात काय बघायचं असतं ते मला माहीत आहे. देवाची शपथ, तेवढी मी कधी घाबरले नव्हते. पाणी स्वच्छ होतं. तळाचे दगड दिसत होते, बाकी काही नव्हतं.

तिथे उभी असताना पाय भाजायला लागले. आतापर्यंत कळलंच नव्हतं. फरशी तव्यासारखी तापलेली, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतेय. खाली बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. चपला.

परत कशी आले, सांगता यायचं नाही. चर्चला वळसा घालून पहिल्या दाराशी आले. हे पायरीवर बसले होते. माझ्या चपला जिथे ठेवल्या होत्या तिथे ऊन आलं होतं, म्हणून ह्यांनी त्या आपल्या सावलीत घेतल्या होत्या, जोड सरळ करून. मी पायरीवर मटकन बसले आणि रडायला लागले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा सरकून बसले, परक्या बाईला जागा द्यावी तसे.

"काय झालं बाई? चपला गेल्या काय तुमच्या?"

ह्यांनी मला उभ्या जन्मात 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

मी होकाराची मान हलवली. ह्यांनी माझे पाय बघितले, लाल झालेले. "या घाला तवर," म्हणाले, आणि माझ्याच चपला माझ्यापुढे सरकवल्या. "माझी बायको आत गेलीय दर्शनाला. तोंडाने तिखट हाय, पण बोलायची नाय तुम्हाला काय." मी घातल्या. "बघा, मापाला पण आल्या," ते म्हणाले आणि खूश झाले.

तेवढ्यात लेक धावत आली, बापाच्या गळ्यात पडली. "सापडले गं आई, सापडले." ती ह्यांना उठवायला लागली, घरी चला म्हणून. हे उठेनात. "अशी कशी जाऊ? तुझी आई आत हाय अजून." लेकीने माझ्याकडे बघितलं. मग तिला कळलं, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मी उठले. चपला पायातून काढल्या, ह्यांच्याजवळ ठेवल्या आणि दारातून आत गेले. दारावरच्या मुलीने तिकीट विचारलं नाही, माझं तोंड बघूनच बाजूला झाली. आतल्या अंधारात भिंतीला पाठ लावून उभी राहिले. धक्क्यावर वाकून बघितलं तेव्हा वाटलं होतं की याहून मोठी भीती नसते. असते. बाहेर गेले आणि ह्यांनी पुन्हा 'बाई' म्हटलं तर? मग मी कुठल्या दाराने आत जायचं? पदराने तोंड पुसलं, कुंकू सारखं केलं, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि उन्हात आले.

ह्यांनी मान वर केली. चपलांचा जोड सरळ करून पुढे ठेवला.

"किती उशीर गो," म्हणाले. "झालं दर्शन? काय मागितलंस?"

"काही नाही," मी म्हटलं.

आम्ही निघालो. ह्यांचा हात माझ्या हातात होता. चार पावलं गेल्यावर हे थांबले आणि मागे वळून पायरीकडे बघायला लागले.

"एक बाई बसली होती हितं. अनवाणी, रडत होती बिचारी. गेली कुठं?"

"गेली असेल तिच्या घरी," मी म्हटलं.

"नाय गो," हे म्हणाले. "तिला घर सापडायचं नाय. हरवली होती ती."