लाल चौकटीतले आबा

माझे सासरे सुकदेव आबा आजही ओट्यावर बसून चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतात. ती कुरकुर ऐकायला मिळते याबद्दल देवाचे जेवढे आभार मानायचे तेवढे मी मानते. उरलेले भडगावच्या मिसबाहचे. आणि हे मी कुणी विचारो न विचारो, सांगत सुटते.

मिसबाह जळगावला पोलिसांच्या कॅमेरा कक्षात कामाला आहे. तिचे वडील कय्युमभाई गाद्या भरतात. शाळेच्या सुट्टीत त्यांच्यामागे खेडोपाडी हिंडून तिनं अहिराणी अशी उचलली, की आमच्या नणंदांनी तिच्यापुढे गप्प बसावं. संगणक शिकल्यावर तिला पहिलं काम मिळालं ते भलतंच. दिवसभर फोटो बघायचे. बंदूक दिसली की तिच्याभोवती चौकट काढायची. छत्री, ऊस, सायकलचा पंप दिसला की 'ही बंदूक नव्हे' अशी खूण करायची. असे ढीगभर फोटो दाखवले की यंत्र शिकतं, म्हणे. मग रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांची चित्रं ते स्वतःच बघतं आणि कुठं बंदूक वाटली की लाल चौकट काढून घंटी वाजवतं. पुढचं माणसानं बघायचं.

"म्हणजे पोराला बाराखडी शिकवल्यासारखंच की," पुढं ओळख झाल्यावर मी तिला म्हटलं.

"हो दिपमालाताई, पण जे दाखवलं नाही ते त्याला येत नाही," ती म्हणाली.

आमची नळी त्याला कुणी दाखवली नव्हती. आमच्याकडे पारोळ्याच्या शिवारात डुकरं-माकडं हाकलायला प्लॅस्टिकच्या पाइपची नळी ठेवतात. तिच्यात गोळी-बिळी काही नसते, नुसता धडाड आवाज होतो. गेल्या वर्षी आबांच्या डोक्यात आलं, की कानबाईच्या, म्हणजे श्रावणात घरी बसवतो त्या आमच्या खानदेशी देवीच्या, विसर्जनाला फटाके तर सगळेच वाजवतात, आपण आईला नळीची सलामी द्यायची. बरं, आईपुढे मळकी नळी कशी न्यायची? म्हणून आदल्या दिवशी तिला चांगला काळा रंग दिला. हौसेला मोल नाही!

"आबा, गर्दी असते, नका नेऊ," मी म्हटलं.

"तू फुगडी खेय, माले शिकाडू नको," आबा म्हणाले.

सोमवारी सकाळी मिरवणूक चौकात आली. कानबाईचा पाट माझ्या डोक्यावर होता. पुढं ढोल, नाचणारे पुरुष, आणि त्यांच्यात लाल फेटा बांधून, काळी नळी खांद्याला लावून आमचे आबा. तिकडे जळगावला घंटी वाजली.

मिसबाहनं पडदा निरखून पाहिला. लांब काळी नळी, आजूबाजूला बायका-पोरं. खात्रीनं तिला काहीच सांगता येईना. नियमाप्रमाणे तिनं पारोळ्याच्या पोलिसांना कळवलं. बरोबरच केलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

चौकात बंदोबस्ताला असलेले दोन पोलीस पिस्तुलं काढून धावले. हात वर करा म्हणून ओरडत होते, पण ढोलांपुढे ऐकू कुणाला येतंय! आबांना वाटलं, हे सलामी अडवायला आले. हट्टी माणूस! नळी आणखी घट्ट धरली आणि तश्शीच पोलिसांकडे वळवली. मला सगळं दिसत होतं. आईला डोक्यावरून टाकून पळता येईना, आणि माझी किंकाळी माझीच मला ऐकू येईना. आता आपले आबा जातात, एवढंच कळत होतं.

चौकातल्या खांबावर एक भोंगा आहे, जळगावच्या कक्षातून त्यात बोलता येतं. एरवी त्यातून 'नागरिकांनी आपली वाहने' वगैरे येतं आणि आम्ही नागरिक ते कधी ऐकत नाही. त्या भोंग्यातून पोरीचा आवाज आला.

"ओ लाल फेटावाला आबा! खांदावरनी नळी खाले ठेवा! तुम्हले कानबाईनी आण शे!"

ढोलवाल्यांचे हात थांबले. आबांनी वर पाहिलं, नळी खाली ठेवली आणि भोंग्यालाच हात जोडले. कानबाईच बोलली असं त्यांना वाटलं. पोलिसांनी त्यांना धरलं, नळी उलटीपालटी करून पाहिली आणि जप्त केली. फार चांगलं केलं. मी पाट डोक्यावर धरून भर चौकात रडत होते.

आभार मानायला आम्ही जळगावला गेलो तेव्हा उलट मिसबाहच रडायला लागली. "पोलिसांना मीच धाडलं होतं, आबा," ती म्हणाली. "काही झालं असतं तर?"

"तू नही बोलतीस ते मी आज नही ऱ्हातू," आबा म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढं यंत्राला शिकवायला असल्या नळ्यांचे फोटो हवे म्हणून ती आमच्या मळ्यात आली. आबा नवरदेवासारखे उभे राहिले. तेव्हापासून तिचं येणं-जाणं आहे.

या वर्षी कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजायला आबा बसले. आमच्यात घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घेतात, आणि त्याचे रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. आबांनी स्वतःची मूठ सुपात टाकली, माझ्या नवऱ्याची, कुंदनची टाकली. मग आणखी एक भरली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"मिसबाहनी. मनी आंडेर शे ती," आबा म्हणाले. आंडेर म्हणजे लेक.

माझे डोळे भरून आले. आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. लग्न होऊन आले तेव्हापासून हे गहू मी निवडते, मी दळते, रोट मी भाजते. माझ्या नावाची मूठ सुपात कधी पडली नव्हती.

"आणि मी हो, आबा?"

आबांचा हात गव्हात तसाच राहिला. मग त्यांनी मूठ भरली, सुपात सोडली, वर पाव मूठ घातली.

"हाई मनी दिपमालानी," ते म्हणाले.