दोरीवरचा चौकड्यांचा शर्ट

माझा दोस्त देवा गेला ही बातमी मी सौसरच्या बसस्टँडवर सांगितली, तर चहावाल्यासकट सगळे हसले. "मोरूभाऊ, मजाक करायची बी हद असते," एक जण म्हणाला. चूक त्यांची नाही. माझं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि मी गावजेवणाला महाभोजन अन् नाल्यावरच्या रपट्याला महासेतू छापणारा माणूस. एका उन्हाळ्यात माझ्या दुकानातल्या पंख्याने गिऱ्हाईक उडून लोधीखेड्याला पडलं, हे मी इतकं रंगवून सांगितलं होतं की तिथले लोक त्याला शोधून राहिले होते! अशा माणसाने डोळे पुसत "देवा गेला" म्हटलं तरी लोकांना वाटतं, आता पुढे काहीतरी हसण्याचं येणार. मलाही तसंच वाटत होतं... ते आलंच नाही.

पांढुर्ण्याच्या मंडईत संत्र्याचे क्रेट ट्रकवर चढवून घेताना देवा छातीला हात लावून बसला आणि दवाखान्याच्या दारापर्यंतच पोचला. अख्ख्या तालुक्याला पलंग पुरवणारा माणूस, त्याला स्वतःच्या पलंगावर एक रात्र पडायला मिळालं नाही.

पलंग म्हणजे दवाखान्यात असतो तो, डोक्याकडून वर होणारा. देवाचे वडील पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा त्याने तो घेतला. वडील गेल्यावर पलंग पडवीत उभा राहिला. शेजारची म्हातारी आजारी पडली तर तो तिच्याकडे गेला, तिच्याकडून तिसऱ्या घरी. पलंग गावभर फिरून राहिला हे पाहून देवाने त्याला सोबती जमवले: वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, ऑक्सिजनचं मशीन. लागेल तोवर फुकट न्या, काम झालं की पुसून परत आणा. 'टेकू सेवा मंडळ' हे नाव मी दिलं, फ्लेक्सही मीच छापला, घराच्या भिंतीपेक्षा हातभर मोठा. गोटमारीच्या, म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवरून दगड मारायच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी आमचे वॉकर पांढुर्ण्याला आणि समोरच्या काठावरच्या सावरगावला सारखेच जात. नदीवरचं भांडण देवाच्या गोदामात मिटायचं.

मग फेसबुकचं पेज निघालं. मी म्हटलं, "देवा, लोकांना रडवल्याशिवाय कोणी काही देत नाही." तो म्हणाला, "रडणारे आधीच आपल्याकडे येऊन राहिले ना बे. देणारे हसत येऊ दे." तो कॅमेऱ्यापुढे उभा राहायचा, राम राम म्हणायचा, आणि कोणत्या घरी काय पाहिजे ते सांगायचा, वांगी-टमाट्याचे भाव सांगावेत तसं. ना पाठीमागे सनई, ना रोग्याचा चेहरा. रोग्याचा चेहरा दाखवायचा नाही, हा त्याचा हट्ट. आणि लोक देत होते! कोणाच्या माळ्यावरची खुर्ची यायची, कोणी पुण्याहून मशीन पाठवायचं.

मला ते फारच अळणी वाटायचं. म्हणून एकदा मीच पेजवर लिहिलं की सावरगावची एकशे दहा वर्षांची आजी टेकूच्या वॉकरवर नागपूरला पायी जाऊन आली. आजी सत्तरीची, आणि गेली होती देवळापर्यंत. पण पोस्ट काय धावली म्हणता! नागपूरहून लोक आजीला पाहायला आले. देवा तणतणत दुकानात आला. "मोऱ्या, ते म्हातारी आता बाहेर निघत नाही. लोक तिच्या पाया पडून राहिले, फोटो काढून राहिले." त्याने तिथल्या तिथे मला पेजवरून काढलं, आणि मग कोणालाच आत घेतलं नाही. मला अजूनही वाटतं की पोस्ट चांगली होती. पण पेजची किल्ली तेव्हापासून एकट्या देवाच्या फोनात राहिली.

संत्र्याच्या सीझनमध्ये त्याला मंडईतून उसंत नसायची. म्हणून सीझनच्या आधी एक रविवार धरून तो सगळे व्हिडिओ एकदम काढायचा. वॉकरला फोन बांधलेला, गोदामातल्या दोरीवर शर्ट ओळीने टांगलेले. एक घालायचा, बोलायचा, काढून परत दोरीवर, मग दुसरा. रोज नवा दिवस वाटला पाहिजे ना! मग ते व्हिडिओ फोनात असे लावून ठेवायचा की दर सोमवारी सकाळी एकेक आपोआप पेजवर चढावा.

राख सावडली, आणि सोमवारी देवा आला. पांढरा शर्ट, कपाळाला घाम. "राम राम मंडळी! लोधीखेड्याकडे एका माउलीले खुर्ची पाहिजे, कोणाच्या घरी पडून असन तर सांगा..."

खाली कोणा ताईंनी लिहिलं, "दादा, वाळलात हो. तब्येतीला जपा."

मी लिहिलं, देवा गेला. झालं! 'अफवा पसरवता का', 'जिवंत माणूस समोर बोलून राहिला अन् हा म्हणतो गेला', 'हा तोच आजीवाला'. मी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा फोटो टाकला. एकाने उत्तर दिलं, "फ्लेक्स तर तुमच्याच दुकानातला आहे." आयुष्यात एकदा खरं सांगायला निघालो, तर साक्षीला मीच उभा!

आम्ही नवीन पेज काढलं. त्यावर मी, माझी बायको आणि केसगळतीचं तेल विकणारा एक जण. लोक जुन्याच पेजवर जातात, तिथेच मेसेज टाकतात. देवाचा फोन त्याच्या बायकोकडे, सुमन वहिनींकडे आहे. वाजला तर उचलता येतो, पण उघडत नाही. आकडे देवाने कोणाला सांगितले नाहीत, एरवी तो फक्त त्याच्या अंगठ्याला ओळखायचा, आणि अंगठा तर आम्ही जाम नदीच्या काठी... मेसेज आला की पडदा उजळतो, पहिली ओळ दिसते, आणि विझतो. "भाऊ, मोहगाववरून. आई उठून बसू शकत नाही, पलंग..." पलंगाच्या पुढे काय, ते आत. पाठवणाऱ्याचं नाव काय, तर 'किंग ऑफ मोहगाव'. मी पलंग गाडीवर टाकून मोहगावला गेलो. तिथे प्रत्येक ओट्यावर एकेक राजा बसलेला. आई मात्र एकाचीही आजारी निघाली नाही. पलंग परत आणला. दोन दिवसांनी पडदा पुन्हा उजळला: "भाऊ, पाहिला का मेसेज..."

मोबाइलच्या दुकानदाराने हात टेकले. पेज ज्या नंबरावर काढलं तो कधीच बंद पडून दुसऱ्या कोणाकडे गेलेला. तो म्हणाला, "एकच रस्ता आहे. मृत्यूचा दाखला कंपनीला पाठवा. पेज तुमच्या हाती देतील, नाहीतर बंद करतील. पण माणूस गेला हे कळलं, की लावून ठेवलेले व्हिडिओ येणं थांबन, असं समजा."

दाखला मागायला मी परवा वहिनींकडे गेलो. त्या गोदामात होत्या. दोरीवर एकच शर्ट, निळ्या चौकड्यांचा.

"जसा जसा आला तसा तसा धुतला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पांढरा, मग मातकट, मागच्या सोमवारी पिवळा. व्हिडिओ काढले त्या दिवशी मी चिल्लावली होती, एवढे शर्ट काहून मळवून राहिले म्हणून. हा एक राहिला."

मी म्हटलं, मोहगावची आई वाट पाहून राहिली.

"मले समजते." त्यांनी दाखला आणून माझ्या हातात दिला, प्लास्टिकच्या पिशवीतला. "तुम्ही म्हणान तर आजच पाठवा. नाही म्हणत नाही मी." मग शर्टाची बाही नाकाशी नेली. "पाच मिनिटंच तं घातला होता. वास तरी किती राहीन..."

मी दाखला घेऊन दुकानात आलो. दाखला पाठवला तर देवाचा शेवटचा राम राम जातो. नाही पाठवला तर कोणाची तरी आई आडवीच राहते, आणि गोदामात रिकामा पलंग डोकं वर करून उभा. देवाला विचारलं असतं, तर त्याने शिवी घालून दाखला पाठवायला लावला असता. हे मला माहीत आहे, वहिनींनाही माहीत आहे. आम्ही दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

आज रविवार आहे. दाखला माझ्या दुकानाच्या गल्ल्यावर पडलाय, अजून पाठवला नाही. उद्या सोमवार. शर्ट दोरीवरच आहे.