सिम आबांच्या तळहातावर होतं

मी गोष्टी फुगवून सांगतो, हे मान्य. बारामती एमआयडीसीत आमच्या डेअरीतले लोक माझं बोलणं निम्मं कापूनच ऐकतात. भुतांच्या गोष्टी तर मी स्वतः रचून लोकांची झोप उडवलीय, त्यामुळे मी स्वतः त्यांच्यावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता! पण ही गोष्ट मी फुगवलेली नाही. उलट जरा कमीच करून सांगतोय...

शीतलला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवायचं होतं. माहेर लासुर्ण्याजवळ, उसात आत शिरलेली वस्ती. कळा सुरू झाल्या तर गाडी बोलवायला फोन लागला पाहिजे ना? मोबाईलवाल्यानं नकाशा दाखवला — सगळा इंदापूर तालुका हिरवागार! म्हटलं, हिरवा तर ऊसपण असतो. तीन कंपन्यांची सिम आणि एक जुना फोन घेऊन मी स्वतःच वस्तीवर गेलो. जिची रेंज येईल ती कंपनी शीतलची.

भर दुपार, लख्ख ऊन. माझे सासरे, आबा, ओट्यावर बसून माझी सर्कस बघत होते. मी एकेक सिम घालून चुलीपाशी, गोठ्यात, न्हाणीत — जिथं जिथं शीतल असेल तिथं उभा राहून फोन लावत होतो. पहिली कंपनी वस्तीच्या वाटेलाच मेली. दुसरीच्या रेंजची एक कांडी यायची, तीही मान मोडेपर्यंत वाकडी केली तर.

"पाव्हणं, लावणीच्या टायमाला यायचं हुतं. तवा फुल्ल असती," आबा म्हणाले. "ऊस डोक्याच्या वर गेला की रेंज जाती. तोड झाली की येती माघारी."

"मग तोवर तुमी काय करता?"

"सडकंला जाऊन बोलतू."

"आणि शीतल? कळा देत सडकंला जाणार व्हय?"

"ती कशाला जाईल? आमी काय मेलोय का?"

मी हसत दुसरं सिम काढलं. तिसरं मातीत पडू नये म्हणून आबांच्या तळहातावर ठेवलं होतं. माझ्या हातात नुसता रिकामा फोन.

तो वाजला.

वायफाय म्हणाल, तर वस्तीवर नव्हतं. स्क्रीनवर नंबर नाही, नाव नाही. मी उचलला.

"अहो... कुणीच उचलंना ओ. कधीची लावतीय... आई गोठ्यात पडलीय. आबा सडकंला गेले ते आलंच न्हाईत. लय दुखतंय मला... गाडी पाठवा ना..."

शीतल! रडताना मधेच श्वास अडकतो, तोसुद्धा तिचाच. मी "आलो, आलो!" म्हणून ओरडलो... आणि फोन गप्प. त्या जुन्या डबड्याचा आवाज ओट्यापर्यंत जायचा. आबांनी शब्द न् शब्द ऐकला होता. आणि आबा तर माझ्यासमोर बसलेले. सासूबाई आतून चहा घेऊन आल्या, धडधाकट!

गाडीला किक मारून सडक गाठली. माझ्या फोनवरून बारामतीला घरी शीतलला लावला.

"काय ओ, धापा कशाला टाकताय?" ती म्हणाली. "मी पापडाच्या लाट्या खातीय. कंची कंपनी घ्यायची?"

माघारी आलो तर आबा तसेच बसलेले, सिम मुठीत घट्ट.

"हिकडं आणू नगा तिला," ते हळूच म्हणाले.

"सासूबाईंना काय सांगायचं?"

"रेंज न्हाय म्हणावं. बाकीचं मी बघतू."

पहिलं बाळंतपण सासरी! सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. "जावयाला आमच्यापरीस टावर मोठा," असं अख्ख्या भावकीत सांगितलं. खरं कारण आबांना आणि मलाच ठाऊक.

शीतल बारामतीत बाळंत झाली. काही म्हणजे काही त्रास झाला नाही. मुलगी झाली, कारखान्याच्या भोंग्यासारखी रडणारी.

ऊसतोड झाल्यावर लेकीला घेऊन वस्तीवर गेलो. मोकळं रान, तिन्ही कंपन्यांची रेंज फुल्ल. सासूबाई नात खेळवत होत्या, राग कुठल्या कुठं पळालेला. मी आबांना म्हटलं, "सुटलो बघा एकदाचं."

आबा पाचटाकडं बघत राहिले.

"आपली सुटली, पाव्हणं. पर फोनवर हुती ती बी माझीच पोर हुती की. तिच्याकडं कोण गेलं?"

ती कोण होती, कुठून बोलत होती, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की मी तिला "आलो" म्हणालो होतो.